यारीवर आता सहादेव

पारनेर

बनू, दादाचा आशीर्वाद. तुझा अमृत जेवतोय, बरा हाय. त्याचा मोबाईल मीच फोडला, म्हनून चिठ्ठी.

आमची टोळी हितं विहीर खंदतीय; तळातनं दगडानं भरलेली बादली वर वढायची यारी त्याच्याकडं हुती. गडी मोबाईल बघत बसला, बादली सुटली, खाली सहादेवचा पाय चेंगरला. मग अमृतच्या भरवशावर कुनी खाली उतरंना.

सहादेव कुबडी घेऊन आला, तवा यारी त्याच्या हातात दिली आन् अमृतला खाली सोडला. "मामा, मामा" करत रडला. सहादेव वरून म्हनला, "भाचेबुवा, भिऊ नका, आता आपली यारी हाय!" समदे हसले.

टोळी एक झाली बघ. बादली हलली की अमृत डोकं झाकतो, आन् रोज हसत्यात.

तुझा गुडघा कसा हाय? पोराला घरी बोलावू नको. तो गेल्यावर टोळी हसंल कुनाला?

तुझा रंभाजीदादा