होन्नेकोप्पची क्षमा

मी, अजित पद्माकर भिंगारदिवे, बी.कॉम., इंदिरानगर येथील एका कंपनीत अंतर्गत लेखापरीक्षक आणि होन्नेकोप्प गावच्या मंडळीचा परवानाधारक ले-रीडर, हे पत्र रेव्हरंड शांतवन पद्माकर भिंगारदिवे, निवृत्त पाळक, यांना उपासनेच्या एका नियमाविषयी अभिप्राय मागण्यासाठी लिहीत आहे.

ख्रिस्तात सलाम. हा आरंभ वाचून आपण हसाल, याची मला कल्पना आहे. परंतु प्रश्न मी थोरल्या भावाला विचारत नसून पाळकाला विचारत आहे. भाऊ मला सांभाळून घेईल, आणि तूर्त मला ते नको आहे. म्हणून या पत्रापुरते ‘आपण’.

इकडे सर्व क्षेम. हेमावतीचा गुडघा बरा आहे. सौम्याची परीक्षा आटोपली. जे. पी. नगरच्या आमच्या घरासमोरचा रस्ता या वर्षी पुन्हा खणला आहे. वहिनींची साखर आटोक्यात आली का, ते कळवावे. राजाजीनगरच्या माझ्या त्या परिचिताविषयी आपण मागच्या फोनवर पुन्हा विचारलेत. पन्नाशी उलटल्यावर पाळकपदाची दीक्षा घ्यावी असे त्याच्या मनात आहे, एवढेच मी आपल्याला सांगितले होते. त्यावर आपण म्हणाला होतात, त्याला मंडळी हवी आहे की हात उचलायला हवा आहे, हे आधी त्याला विचार. त्याचे अजून काही ठरलेले नाही.

आता मूळ विषय.

होन्नेकोप्प कनकपुरा रस्त्यावरून आत आहे. भोवताली तुतीचे मळे. घरोघरी रेशमाचे किडे असल्याने त्यांना पाला घातल्याशिवाय कोणी देवळात येत नाही. म्हणून आमच्याकडे घंटा दोनदा वाजते, एक उठण्यासाठी आणि एक पाला घालून झाल्यावर. रेव्हरंड विनोदकुमार यांच्याकडे पाच गावे आहेत. ते महिन्याच्या पहिल्या रविवारी येऊन प्रभुभोजन देतात. उरलेल्या रविवारी सकाळची प्रार्थना मी चालवतो. गावात मला ‘रीडरण्णा’ म्हणतात.

पापनिवेदनानंतर पाळक उभा राहतो, हात उचलतो आणि देवाने क्षमा केल्याचे जाहीर करतो. ले-रीडरची दीक्षा झालेली नसते, म्हणून त्याला तो अधिकार नाही. त्याने गुडघ्यांवरच राहून सर्वांबरोबर क्षमा मागायची असते. नियम मला नवीन नाही. बाबा उपदेशक होते; त्यांनी जन्मभर त्या जागी गुडघे टेकले. पाळकसाहेब सायकलीवरून गावात येत, त्या रविवारी बाबा भिंतीशी उभे राहून ती क्षमेची वाक्ये ओठांतल्या ओठांत म्हणत. आपण दोघांनीही ते पाहिले आहे. त्याविषयी आपण कधी बोललो नाही.

मे महिन्यात एका रविवारी प्रार्थनेनंतर मला सकवारबाईंच्या, म्हणजे गावाच्या अक्कांच्या, घरी बोलावणे आले. या मंडळीतल्या सर्वांत वयस्कर बाई. त्यांचे पूर्वज फार जुन्या काळी मराठी मुलखातून इकडे आले, पुढे आजोबांनी बाप्तिस्मा घेतला. घरात अजून आपली भाषा आहे, कानडीत मुरलेली. ताप डोक्यात गेला होता आणि श्वास पुरत नव्हता. रुग्णवाहिका निघाली होती, परंतु कुठे पोहोचली ते कोणी सांगू शकत नव्हते. विनोदकुमार दुसऱ्या गावी उपासनेत होते. त्यांचा फोन बंद. अक्कांनी इतरांना बाहेर पाठवले आणि माझे मनगट धरून जे सांगायचे ते सांगितले. त्यांनी पुढे स्वतःच ते गावभर केले, म्हणून लिहितो.

वेदीचे वस्त्र धुण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे आहे. सासूने जाताना तो थोरल्या अक्कांना वगळून धाकट्या सुनेला, तुंगाबाईंना दिला. त्याच वर्षी हंगामाच्या सणाआधी सासूच्या हातचे भरतकाम असलेले वस्त्र नाहीसे झाले. तुंगाबाईंनी ते ओढ्यावर हरवले, असे सर्वांनी धरून चालले. तेव्हापासून त्या दाराशी बसतात आणि प्रभुभोजनाला पुढे येत नाहीत. वस्त्र अक्कांच्या पेटीत होते.

मी म्हणालो, आपण क्षमेसाठी प्रार्थना करू. अक्का म्हणाल्या, “माग म्हणून नको सांगूस, रीडरण्णा. मिळाली म्हणून सांग.”

मी नियम समजावून सांगितला. होय, त्या अवस्थेतल्या बाईला मी नियम समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि मनगट सोडले नाही. मग मी उभा राहिलो, दुसरा हात उचलला आणि पाळकसाहेबांची ती वाक्ये मराठीतून म्हटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती मी कधी पाठ केली नव्हती.

अक्का वाचल्या. आठवड्याने रुग्णालयातून परतल्या त्या थेट भिंतीपलीकडे जावेच्या घरी गेल्या. वस्त्र पुढे ठेवले आणि म्हणाल्या, देवाने मला सोडलं, रीडरण्णाने हात वर करून सांगितलं, आता तू काय ते कर. तुंगाबाईंनी म्हणे बराच वेळ त्या वस्त्राच्या घड्या मोडल्या. मग म्हणाल्या, त्याने सोडलं तर मी कोण धरून ठेवणार.

येत्या रविवारी दोघी शेजारी गुडघे टेकून प्रभुभोजन घेणार आहेत. गाव आनंदात आहे. आणि ज्या आधारावर हे उभे आहे, तो आधार देण्याचा मला अधिकार नव्हता.

प्रश्न असा: मी हे अक्कांना सांगणे बंधनकारक आहे काय? सांगितले आणि त्या दोघींचे पुन्हा तुटले, तर दोष कोणाचा? हेमावती म्हणते, “गप्प बसा. तिथेही ऑडिट काढू नका.” आपला अभिप्राय रविवारपूर्वी मिळणार नाही, हे मला समजते. तरीही गुरुवारी रात्री बसून लिहीत आहे.

*

पत्र टाकलेले नाही. आज रविवार आहे, पुढचे लिहितो.

काल मी होन्नेकोप्पला गेलो. अक्का दारापुढच्या कट्ट्यावर तुतीचा पाला निवडत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सर्व सांगितले.

“म्हणजे मिळालीच नाही म्हणतोस?”

“मिळाली की नाही, ते मला सांगता येत नाही. मिळाली असे सांगायचा अधिकार मला नव्हता.”

“मग तेव्हा का सांगितलंस?”

“तुम्ही मागितलीत म्हणून.”

“मी तर पाणीही मागत होते. ते नाही दिलंस, डॉक्टर येऊ दे म्हणालास.” त्यांनी पाल्याची टोपली जवळ ओढली. “गावभर सांगत फिरले मी. आता तुंगीला काय सांगू, स्वल्प थांब, वरून कागद यायचा आहे? उद्या मी येत नाही. जा.” आणि पाठ फिरवून बसल्या.

तुंगाबाई भिंतीपलीकडे होत्या. सर्व ऐकले असावे, कारण बाहेर आल्या त्या सरळ माझ्याकडे पाहत.

“रीडरण्णा, कापड वेदीवर घातलंय मी. इस्त्री करून. घड्यांच्या पिवळ्या रेघा गेल्या नाहीत, तरी घातलंय. आता काढायचं का?”

मी नको म्हणालो.

“सरी, बरं. मग आमच्या दोघींचं मिटलंय. देवाचं नि तिचं काय ते उद्या पाळकअय्या बघतील. तुमचं तुम्ही बघा.”

अक्कांची पाठ तशीच होती.

आज दुसऱ्या घंटेआधी मी विनोदकुमारांना सांगितले. ते रागावतील अशी माझी तयारी होती. त्यांनी एवढेच विचारले, “संपूर्ण म्हटलीत? न अडखळता?” मी होय म्हणालो. त्यांनी सांगितले की त्यांना बिशपसाहेबांना कळवावे लागेल. पुढची सूचना येईपर्यंत मी वाचायला उभे राहू नये. मी पुरुषांच्या बाजूला चटईवर बसलो. इतक्या वर्षांत मी त्या देवळात खाली बसलेलो नव्हतो. तिथून वेदीवरचे वस्त्र दिसते आणि त्यावरच्या रेघाही दिसतात.

पहिले गीत संपले तरी अक्कांची जागा रिकामी होती. तुंगाबाई दाराशीच बसल्या होत्या, त्यांच्या नेहमीच्या जागी. पापनिवेदनाला सर्व गुडघ्यांवर आले, तेव्हा दारातून काठीचा आवाज आला. अक्का पुढे गेल्या नाहीत. तिथेच, जावेच्या शेजारी, भिंतीला धरून खाली बसल्या. विनोदकुमारांनी हात उचलला आणि सर्वांना क्षमा जाहीर केली. मी मान वळवून पाहिले. अक्का पाळकांकडे पाहत नव्हत्या. माझ्याकडे पाहत होत्या, ‘आता तूही घे’ असे सांगावे तशा.

मग दोघी पुढे गेल्या. तुंगाबाईंनी त्यांचा कोपर धरला होता. परत येताना अक्का माझ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “ह्यांनी कानडीत सांगितलं. तुझं मला जास्त कळलं होतं.”

दादा, ‘आपण’ आता चालत नाही. तुला लिहितो.

राजाजीनगरमध्ये माझ्या परिचयाचा असा कोणीही नाही. तुझ्या ते फोनवरच लक्षात आले असेल. तू हसला नाहीस, त्यावरून मला शंका आली होती. तू विचारले होतेस, त्याला मंडळी हवी आहे की हात उचलायला हवा आहे. गुरुवारपर्यंत मी ‘मंडळी’ असे उत्तर दिले असते, व्यवस्थित, कारणांसह. परंतु आज विनोदकुमार क्षमा सांगत होते तेव्हा माझे डोळे मिटलेले नव्हते. मी त्यांच्या हाताकडे पाहत होतो, आणि माझे ओठ हलत होते. बाबांचे हलत तसे.

मला हात उचलायला हवा आहे, दादा. त्या घरात तो उचलला त्याचा मला पश्चात्ताप व्हायला हवा होता. मी शोधला, सापडला नाही. अशा माणसाला दीक्षेसाठी शिफारस द्यावी की नेमक्या अशाच माणसाला देऊ नये, हे मला ठरवता येत नाही. तू पाळक आहेस आणि बाबांचा मुलगाही आहेस. ठरव, आणि काय ते कागदावर लिही. फोन करू नकोस. फोनवर तू मला सांभाळून घेशील.

तुझा धाकटा भाऊ,
सध्या नुसता मंडळीतला,
अजित

जे. पी. नगर, बेंगळुरू
रविवार, ७ जून २०२६