तळघरातली धून

ता. ३ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे, पण सुखी नाही. या वसतिगृहात नाना देशांची मुलं आहेत आणि सगळी आपापली दारं लावून जेवतात. जिन्यात मी हसले, तर समोरचा आधी मागे वळून बघतो. आम्ही मिसळावं म्हणून वॉर्डनबाईंनी समूहगायन काढलंय, पण गाणंच ठरत नाही. जुळ्या भावांच्या गाण्यात मधेच बाक आपटावं लागतं, आणि एक उंच मुलगी आहे, ती आपलं गाणं सुरू करते आणि स्वतःच रडते. आत्या, मला इथे करमत नाही. बाबांना सांगून परतीचं तिकीट काढ.

लोभ आहेच, तो तिकिटासकट पाठवावा.
तुझी बारकी

ता. १२ सप्टेंबर

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शाळेच्या पहिल्या दिवशीही तू असाच गळा काढला होतास आणि डबा मात्र चाटूनपुसून खाल्ला होतास. इतकी वर्षं गाण्याच्या क्लासात घसा फोडतेय, म्हणून सांगते: सगळ्यांना आधीच येतं तेच गा. कार्यक्रम होईस्तोवर कळ काढ. नंतरही यायचं असेल, तर दादाकडून तिकीट मी काढून घेते. शब्द देते.

वेळेवर जेवत जा, रडायचं ते नंतर.
तुझी आत्या

ता. ३० सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सगळ्यांना येणारं गाणं सापडलं! तळघरात कपडे धुण्याचं एकच मशीन आहे. धुणं झालं की ते एक धून वाजवतं. ती ऐकली की आम्ही धूम ठोकतो, कारण उशीर झाला तर पुढचा माणूस आपलं ओलं धुणं फरशीवर टाकतो. तीच धून आम्ही बसवली. काल कार्यक्रम झाला. पहिली ओळ गायलो आणि अर्धं सभागृह उठून तळघराकडे पळालं. मागोमाग आमचे जुळे, मग उंच मुलगी. प्रमुख पाहुणेही पळाले, का ते त्यांनाच ठाऊक. उरले मी आणि वॉर्डनबाई. घाबरून मी शेवटपर्यंत एकटीच गायले. आता तोंड दाखवायची सोय राहिली नाही. तिकीट काढच.

लोभ असेल तर घाई करावी.
बारकी

ता. ८ ऑक्टोबर

चि. बारकीस,
आशीर्वाद.

तिकीट निघालं. दादाने तुझं कपाट स्वतः आवरलं, आणि वर म्हणतो की मी काही वाट बघत नाहीये. माझ्या गाण्यावर आजवर एक माणूस धावला नाही गं, मला तुझा हेवा वाटतो.

ये लवकर.
आत्या

ता. १७ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस. कार्यक्रमाच्या दिवशी सगळे एकदम मशिनवर तुटून पडले, त्या ओढाओढीत त्याचा आवाज गेला. धुतं, पण गात नाही. दोन दिवस कुणाचं धुणं कधी झालं काही कळेना, नुसती भांडणं. मग ठरलं की पाळीपाळीने मशिनपाशी बसायचं आणि धुणं झालं की आपणच गायचं. खालून सूर लागला की जिन्यातून दुसरे मिसळतात, दारं उघडतात, आणि हल्ली ती उघडीच राहतात. काल एका मोज्यासाठी अख्खं वसतिगृह गात होतं. जुळे बादली आपटतात. उंच मुलगी अजून रडते, पण सुरात. सवयीने सगळे पहिल्या ओळीलाच पळतात, त्यामुळे शेवट माझ्याकडे आलाय.

आत्या, मला इथे करमतंय. शिवाय मंगळवारी मशिनपाशी मी बसते. मी निघून आले, तर मंगळवारचं धुणं झालं हे कुणाला कळणारच नाही. बाबांना सांग, तिकीट परत करा.

कपाट आवरलेलं राहू द्यावं, लोभही.
तुझी बारकी