डावा हात खाली ठेवणाऱ्याविषयी

धुळे, समाजाचे सभागृह,
दुपारचे साडेचार

कै. सौ. प्रमिला कौतिक फिरके हिस,

(‘कै.’ आधी लिहावे की ‘सौ.’ आधी, यावर आज सकाळी फलक रंगवणाऱ्याशी माझा दहा मिनिटे वाद झाला. तू सौभाग्यवती आधी झालीस व कैलासवासी नंतर, तेव्हा कालक्रमाने ‘सौ. कै.’ असायला हवे, हे माझे म्हणणे होते. फलक लहान असल्याने मी माघार घेतली. इतरत्र कोठेही घेतलेली नाही, हे पुढे दिसेलच.)

इकडील क्षेम असे की रक्तदाब गोळीच्या ताब्यात आहे आणि डावा गुडघा कोणाच्याच नाही. तिकडील क्षेम विचारण्याचा प्रघात आहे म्हणून विचारतो. आज तुझे वर्षश्राद्ध पार पडले. मंडळी जेवून गेली, पंगतीच्या पट्ट्या गुंडाळून झाल्या, आणि मी व्यासपीठाजवळच्या टेबलावर हा वृत्तांत लिहीत बसलो आहे.

विषय तुला ठाऊक आहे; तरी हा कागद तुझ्या बंधूंच्या हाती पडण्याचा संभव लक्षात घेऊन तो नोंदवतो. आपला विवाह झाल्यापासून एकोणचाळीस वर्षे आपल्यात एकच प्रश्न अनिर्णित राहिला : जो लुई आणि मुहम्मद अली हे दोघे हेवीवेट मुष्टियोद्धे आपापल्या ऐन भरात समोरासमोर आले असते तर कोण जिंकले असते. तू भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलीस, तिथल्या इन्स्टिट्यूट क्लबच्या खिडकीला लोंबकळून तरुणांचे मुष्टियुद्ध पाहिलेस, आणि अली तुझा. मी राज्यशास्त्राचा प्राध्यापक, एकतीस वर्षे महाविद्यालयाच्या वादविवाद मंडळाचा प्रमुख, आणि लुई माझा. लुईमध्ये मला व्याकरण दिसते. पावले लहान, जमिनीला धरून. ठोसा वीतभर अंतरावरून निघतो आणि काम करूनच परततो. एक शब्द अधिक नाही. अलीमध्ये मला गॅदरिंग दिसते. (हे मी तुझ्या हयातीतही म्हणत असे. मृत्यूमुळे मत बदलणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.)

रुग्णालयातल्या शेवटच्या आठवड्यात तू म्हणालीस, “अहो, एकतीस वर्षं पोरांना घंटा वाजवून शिकवलंत, की समोरच्याला पूर्ण बोलू द्या. मला एकदा तरी बोलू दिलंत? आता माझी बाजू तुम्हीच मांडा. चार लोकांसमोर. मध्ये न अडवता.” मी ‘बरे’ म्हणालो. मी सहसा ‘बरे’ म्हणत नाही, हे तू जाणतेस. म्हणून आजच्या दिवसाला माझ्या दृष्टीने एवढाच अर्थ होता. पिंडदान वगैरे गुरुजींनी पाहिले.

आता अपघात. आपल्याकडील रीतीप्रमाणे वर्षश्राद्धाला नाव कोरलेले भांडे वाटावयाचे होते. जळगावचे केवलचंदशेठ यांच्याकडे झाकणाचे एकशे एक्कावन्न स्टीलचे डबे नोंदवले आणि मजकूर पाकिटातून एस.टी.च्या पार्सलने पाठवला. कोणताही कागद सुटा ठेवू नये ही माझी सवय. (या सवयीला तू ‘टाचणीचा आजार’ म्हणायचीस.) त्या दिवशी टेबलावर दोन कागद होते. एकावर तुझे नाव व तिथी. दुसऱ्यावर आजच्या भाषणासाठी काढलेला, तुझ्या बाजूचा पहिला मुद्दा, तुझ्याच शब्दांत. मी दोन्ही टाचणीने जोडले आणि वर लाल शाईत लिहिले, ‘आहे तसे कोरावे. एकही अक्षर गाळू नये.’ केवलचंदशेठ शब्दाचे पक्के. त्यांनी गाळले नाही. काल संध्याकाळी खोके उघडले, तेव्हा प्रत्येक डब्यावर सुबक अक्षरांत होते :

कै. सौ. प्रमिला कौतिक फिरके यांच्या स्मरणार्थ.
डावा हात खाली ठेवणारा शेवटी मार खातोच.

तुझा बंधू हेमराज त्याच वेळी सावद्याहून केळीचे घड घेऊन पोहोचला होता. त्याने डबा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि खुर्चीत बसला. “दाजी, आमच्या अक्कानं जन्मात कोनावर हात उचलला नाही. अन् हे काय लिहून ठेवलं? लोक काय म्हनतीन, ही बाई घरात काय करे?” मी शांतपणे स्पष्ट केले की हे विधान १९३६ सालच्या जून महिन्यातील लढतीविषयी आहे. लुई डाव्या हाताचा जॅब, म्हणजे झटपट सरळ ठोसा, मारल्यावर तो हात परत आणताना खाली सोडत असे. श्मेलिंग या जर्मनाने ते हेरले, त्या फटीतून उजवा ठोसा घालत राहिला, आणि बाराव्या फेरीत लुईला झोपवले. तात्पर्य, विधान अचूक आहे. हेमराज म्हणाला, “मंग जर्मनाच्या श्राद्धाले वाटा ना!” रेतीचा कागद आणून आख्खी ओळ घासून टाकावी, असा त्याचा प्रस्ताव होता. मी तो फेटाळला. तुझ्या नावाखाली तुझे स्वतःचे म्हणणे कोरले जाण्याचा हा पहिलाच प्रसंग. एरवी आपल्याकडे बायकांच्या नावाखाली फक्त नवऱ्याचे नाव असते. मी म्हणालो, घासायचे असेल तर आधी मला घासा. हेमराजने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. तो तसे करील असे क्षणभर वाटलेही.

परंतु खरा घात आज कीर्तनकार महाराजांनी केला. त्यांना मानाचा पहिला डबा दिला गेला. त्यांनी ओळ वाचली, डोळे मिटले, आणि तीच निरूपणाला घेतली! उजवा हात म्हणजे परमार्थ, डावा म्हणजे प्रपंच. जो प्रपंचाचा हात ढिला सोडतो त्याला काळाचा ठोसा बसतो. आणि हे त्या माउलीने जाता जाता आपल्याला शिकवले. तास-सव्वा तास. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सर्वांत मोठ्याने हेमराज रडला. (कालपर्यंत तो रेतीचा कागद शोधत होता.) तू संत झालीस, प्रमिला, माझ्या समोर, माझ्या टाचणीमुळे, आणि तुझा मूळ मुद्दा कोणाला कळलाही नाही.

तेव्हा मी उभा राहिलो. आरतीचे ताट येत होते ते मी थांबवले. म्हणालो, महाराजांबद्दल पूर्ण आदर राखून नमूद करतो की कैलासवासी व्यक्तीला प्रपंच अभिप्रेत नव्हता, जो लुई अभिप्रेत होता. हेमराजने माझा सदरा मागून ओढला. ओढू दिला. मी तुझी बाजू मांडायला घेतली. लुईला उभा माणूस सापडतो, फिरता सापडत नाही. १९४१ साली बिली कॉन नावाचा हलका गडी बारा फेऱ्या त्याच्याभोवती फिरला आणि गुणांवर पुढे होता. तेराव्यात खुमखुमी आली, लुईला पाडायला गेला आणि स्वतः पडला. अली म्हणजे तोच कॉन, परंतु अठरा-वीस किलोंनी जड, हाताने लांब, आणि मागे झुकून ठोसा हवेत घालवणारा. एवढ्यावर यजमानाची, म्हणजे माझी, वाट न पाहता पंगत बसली. वरण-बट्टीचा वास आला आणि श्रोते ओळीने उठले. महाराज सर्वांत आधी. मी थांबलो नाही. चार लोक ही तुझी अट होती. मोजले तर दोन उरले होते. एक, पोळ्या-भांड्यांना आलेल्या बेबाबाई, त्या दारात हात पुसत उभ्या होत्या. दुसरा, सभागृहाचा राखणदार सुकदेव, त्याला किल्ल्या परत मिळेपर्यंत जाता येत नव्हते. हेमराज वाढायला गेला आणि वांग्याची बादली हातात घेऊन परत आला. खांबाला टेकून ऐकू लागला. तीन. चौथा मी स्वतः, नियमात बसते.

शेवटच्या मुद्द्याला माझा तोल गेला, हे कबूल करतो. तुझी बाजू मांडता मांडता मी म्हणालो, “परंतु अली तर दोन्ही हात खाली ठेवत असे! मग त्याला तोच न्याय का नाही?” म्हणजे मी तुला पुन्हा अडवलेच. तू तिथे नव्हतीस. उत्तर देणारे कोणीच नव्हते, आणि एकोणचाळीस वर्षांत प्रथमच माझा प्रश्न तसाच हवेत राहिला. मला खाली बसावे लागले.

तेवढ्यात दारातून बेबाबाई म्हणाल्या, “सर, ज्याना पाय चालतस, त्याले हात वर धरानी काय गरज शे?”

प्रमिला, अगदी हेच : ज्याचे पाय चालतात त्याला हात वर धरण्याची गरज नाही. शब्द वेगळे, उत्तर तेच, आणि त्याच तिरसट सुरात. मी त्यांना विचारले की तुम्ही मुष्टियुद्ध पाहता का. त्या म्हणाल्या, “आमना घर बठ्ठा दारू पेतस, सर. मी पायवरच वाचेल शे.” म्हणजे घरातल्या सगळ्या पिणाऱ्यांच्या मारातून त्या पळूनच वाचल्या. दोन डबे त्यांना दिले. हेमराज म्हणाला, “अक्का बरोबर होती, दाजी,” आणि बादली घेऊन गेला. मी ते इतिवृत्तात नोंदवले. परंतु ते मान्य केले असे त्याने समजू नये.

तुझा,
कौतिक तोताराम फिरके

ता. क. : तुझी बाजू मांडून झाली. नियमाप्रमाणे आता प्रत्युत्तराचा हक्क माझा. १९३८ साली त्याच श्मेलिंगला लुईने पहिल्याच फेरीत संपवले, हा मुद्दा मी एकोणचाळीस वर्षे राखून ठेवला आहे, असे हेमराजला वाटत असेल. तो मी एकूण चारशे वेळा मांडला आहे. आज मांडणार नाही. मी बोललो तर दोन्ही बाजू पूर्ण होतील आणि वाद निकाली निघेल. म्हणून इतिवृत्तात ‘निकाली’ नव्हे, ‘तहकूब’ असे लिहिले आहे.

ता. क. २ : अकरा डबे उरले. घरी नेऊन एकात साखर भरीन, एकात तुझा चष्मा ठेवीन. हेमराज म्हणतो, धुळ्याचे घर बंद करून सावद्याला या. नाही म्हणून कळवले आहे. तू पत्र टाकलेस तर ते कोठे यावे?

ता. क. ३ : पुढील तारीख तू ठरवावीस. मी हजर राहीन. घाई नाही, परंतु ठरव.

सायंकाळी साडेपाच : दिवे-पंखे बंद केले. सभागृहाचे दार ओढून कुलूप लावले, दोनदा तपासले. किल्ल्या, नग तीन, सुकदेव याजकडे परत दिल्या.