टोस्टचा डबा

३ मार्च
काय गं वही, काल काय सांगितलं ते विसरलीस ना? विसरणारच. कुणी लिहिल्याशिवाय तुला काही आठवत नाही. मला अक्षर येत नाही, म्हणून सगळं लक्षात ठेवावं लागतं. शेजारची शिवणवाली लिहून घेते. तिला बजावलंय — ठिगळं कपड्यांना लाव, माझ्या बोलण्याला नको.

नात सहा वर्षांची. छोटी म्हणतो, पण शाळेत वजन केलं तर भलतंच भरलं. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आली — खाणं आवरा. मुलाने चिठ्ठी वाचून सुनेकडे बघितलं. सुनेने माझ्याकडे. मी भिंतीकडे.

४ मार्च
टोस्टचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

७ मार्च
छोटी कच्चे तांदूळ खात होती. मुठीने. केळं पुढे केलं, एके काळचं लाडकं. मान फिरवली. म्हटलं, "काय गं उंदरीण, दातांना धार लावतेस?" हसली नाही.

८ मार्च
नीट पाहिलं. जिन्यात बापाची चप्पल वाजली की ही स्वयंपाकघरात. भांडण सुरूही झालेलं नसतं! आज ओल्या टॉवेलवरून झालं. संपेपर्यंत टॉवेल वाळला.

९ मार्च
सकाळी विचारलं, मऊ का नको?
"आजी, कडक खाल्लं की कानात नुसतं कुर्रकुर्र होतं. मग बाबा ऐकू येत नाहीत."

शिवणवालीचं पेन थांबलं. लिही म्हटलं.

पहिला टोस्ट मीच दिला होता. दार लोटून. "खा गं, तिकडे लक्ष देऊ नकोस." तिच्या बापालाही लहानपणी असंच — त्याचा बाप ओरडायला लागला की मी पोराच्या हातावर साखर ठेवायची.

रडू यायला हवं. येत नाही. कवळी काढून वाटीत ठेवते. बोलून झालं.

१२ मार्च
सुनेला सांगितलं. ताट पुसत होती. तेच ताट बराच वेळ पुसत राहिली.

१३ मार्च
मुलालाही सांगितलं. म्हणाला, मुलं काहीही बोलतात.

१६ मार्च
सून छोटीला घेऊन बहिणीकडे राहायला गेली. मीच म्हटलं, जा.

२४ मार्च
छोटीने तिकडे केळं मागितलं म्हणे.

इथे मुलाचा ओरडा खायला आता मीच उरलेय. कवळी हल्ली काढत नाही. वरच्या फळीवरचा डबा काल संपला. शिवणवाली, सुनेला निरोप दे — छोटीला केळी. मला टोस्ट पाठव. कडक बघून.