कोऱ्या पानाखालची सही

पिंपरपेठ, जि. बीड
६ जुलै २०२४

ती. गंगासागर अक्कास,
धाकट्या गुंडप्पाचे शि. सा. न. वि. वि.

तुमच्या वस्तीवर फोनला रेंज नाही, म्हणून नेहमीसारखं हे पत्र शहादेव कंडक्टरच्या हाती देतोय. बातमी मोठी आहे. इथल्या एसटी आगाराच्या प्रवासी सल्लागार समितीवर मला सदस्य नेमलंय. नेमणुकीचं पत्र दुकानात काउंटरमागे लावलं. वनमाला म्हणते, सकाळपासून चौथ्यांदा वाचून दाखवताय. खोटं आहे, तिसऱ्यांदाच होतं.

अक्का, नववीतून शाळा सुटली आणि मी भांड्यांच्या दुकानात बसलो. तेव्हापासून कुणी माझं मत विचारलं तर ते पातेल्याबद्दल. आता सरकार विचारणार. नवा शर्ट शिवायला टाकलाय.

केदारनाथला नमस्कार, शिवानीला आशीर्वाद. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
गुंडप्पा

डोंगरवस्ती
१४ जुलै २०२४

चि. गुंडप्पास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

अक्षर माझ्या नातीचं, शिवानीचं, बोल माझे. तुझं पत्र ऐकून हसू आलं आणि डोळेही भरले. अप्पा असते तर पेठेत पेढे वाटत फिरले असते. शर्ट शिवलास ते बरं केलंस, पण पोट आत घेऊन माप दिलं असशील तर शिंप्याकडे पुन्हा जा.

आता सदस्यसाहेब, माझं एक काम. शिवानी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिचं प्रॅक्टिकल पाचला सुटतं आणि तुमच्या स्टँडवरून साडेपाचची गाडी तिला घरी आणते. वस्तीकडची जीप तीनलाच निघून जाते. केदारनाथचं तुला ठाऊक आहे. पोरगा माझा आहे, पण पोरीच्या बाबतीत फार भितो. अंधाराआधी घरात आली तरच कॉलेज, असं त्यानं बजावलंय. धारूरकडचं एक स्थळही विचारून गेलंय. तेव्हा त्या गाडीकडे लक्ष ठेव. वनमालाला जप.

तुझी,
अक्का

पिंपरपेठ
२८ जुलै २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पहिली बैठक झकास झाली. दहा सदस्य, सगळे पांढऱ्या कपड्यांत. इथली रीत न्यारी आहे: आधी सह्या, मग चहा-भजी, मग बोलणं. क्लार्क रामकिसन यांनी प्रोसिडिंगची वही पुढे केली. पान कोरंच होतं. मी थबकलो, तर शेजारचे बिभीषणराव म्हणाले की करून टाका, लिहिणं मागाहून हुतंय, आमी धा वर्सं असंच करतोय. केली. आडाणी दिसू नये म्हणून झोकात केली.

मी स्टँडवरच्या पाण्याच्या टाकीवर बोललो. सगळ्यांनी माना डोलावल्या. फोटो निघाला. तुमच्या गाडीचा विषय काही निघाला नाही, पुढच्या वेळी काढतो. काळजी नसावी.

लोभ असाच ठेव.

गुंडप्पा

डोंगरवस्ती
२० ऑगस्ट २०२४

चि. गुंडप्पास,
आशीर्वाद.

आज अक्षर माझं आहे, वाकडंतिकडं. शिवानी लिहायला बसली नाही. पत्र दूधवाल्या नाथाबरोबर पाठवते, कारण बारा तारखेपासून साडेपाचची गाडी बंद आहे. काल पौर्णिमेला राखी बांधायला आले नाही, ते परतीला गाडी नव्हती म्हणून. थोडा रागही होता. राखी सोबत ठेवलीय.

स्टँडवर नोटीस लागलीय. प्रवासी कमी, सबब समितीनं एकमतानं गाडी बंद करण्यास मान्यता दिली. खाली नावं. सहावं तुझं. शिवानीनं ते वाचलं आणि घरी येऊन वह्या माळ्यावर टाकल्या. केदारनाथ म्हणाला, मामानंच ठरवलं म्हटल्यावर आपण काय बोलायचं. कॉलेज थांबलंय. गणपती उठल्यावरच्या रविवारी धारूरचे पाहुणे तिला बघायला येणार आहेत.

गुंडप्पा, तू असं कावून केलंस? मी तुला दुसरं कसलंच काम सांगितलं नव्हतं रे.

अक्का

पिंपरपेठ
१३ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास,
अपराधी गुंडप्पाचे शि. सा. न. वि. वि.

तीन आठवडे पत्र लिहिलं नाही, तोंड नव्हतं. त्या कोऱ्या पानावर मागाहून तुमच्या गाडीचा ठराव लिहिला गेला. खाली माझी सही, झोकात. फसवलं म्हणू तर तेही खरं नाही. न वाचता सही करायला माझा हात कुणी धरला नव्हता.

काल बैठक होती. मी उभा राहिलो आणि तो ठराव मला मान्य नाही, असं सांगितलं. आगारप्रमुख म्हणाले, सही तुमचीच ना, मग काय ते लेखी द्या. बिभीषणरावांनी शर्ट ओढून सांगितलं की गप बसा की, पेठेत लई हसं हुईल. अक्का, तरी त्याच पानाखाली लिहिलं: ‘पान कोरं असताना मी सही केली. ठराव वाचला नव्हता. माझी संमती नाही.’ मग आणखी दोघांनी वही मागून घेतली आणि तसंच लिहिलं.

ठराव एकमताचा राहिला नाही, म्हणून सोमवारपासून गाडी महिनाभर परत सुरू होतेय. रोज पंधरा प्रवासी भरले तरच पुढं चालेल. पाहुण्यांचं मी काय सांगणार? तुमच्या घरात बोलायचा माझा हक्क मीच घालवलाय. हे पत्र केदारनाथला वाचून दाखव. शिवानीला सांग, मामा-आजोबा चुकला.

गुंडप्पा

डोंगरवस्ती
१९ सप्टेंबर २०२४

चि. गुंडप्पास,
पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मी केदारनाथला दोनदा वाचून दाखवलं. त्या रात्री तो जेवला नाही. सोमवारी सकाळी मात्र शिवानीला दप्तर भरायला सांगितलं आणि जीपनं कॉलेजात पोचवायला गेला. पोचवून लगेच परतेल, असं मला वाटलं. पण तो आलाच नाही. दिवसभर पिंपरपेठेत स्टँडवर बसून राहिला. संध्याकाळी गाडीत चौदा माणसं भरली. शहादेव कंडक्टर मान हलवायला लागला, तेव्हा केदारनाथ चढला, आपल्याला पंधरावा धरा म्हणाला आणि शिवानीच्या मागच्या सीटवर बसला. मंगळवारी तेच. कालही तेच. ऊस खुरपायचा राहिलाय, त्याचं नावही काढत नाही.

तुझ्यावरचा माझा राग गेला, हे लिहिताना मला रडू येतंय.

आणि रविवारच्या पाहुण्यांना केदारनाथनं आज निरोप धाडला, की येऊ नगा, आमच्या पोरीला आजून तीन वर्सं सवड न्हाई.

सगळ्यांना जप, आणि ये.

तुझी,
अक्का