डोळा म्हणून खाल्लेला कान

कोच्कोर,
बटाटे काढून झाल्यानंतरचा दुसरा शुक्रवार

आदरणीय व्याही ओमुरकुल यांना सागिनालीचा मान लववून सलाम.

आपली गुरंढोरं आणि माणसं सुखरूप आहेत ना? घोडी, मेंढ्या, विहीणबाई बुरुल, सगळी ठीक? (हा क्रम रीतीचा आहे, माझा नाही. विहीणबाईंनी राग मानू नये.) आपली प्रकृती कशी आहे, असं मी विचारतो, आणि त्यावर आपण "देवाच्या कृपेनं उत्तम" म्हणालात हेही मीच लिहून टाकतो, म्हणजे आपल्याला तसदी नको. आमच्याकडेही सगळं उत्तम. माझी पाठ दुखते, पण व्याह्याला पाठ सांगायची नसते, त्यामुळे तीही उत्तम आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं आपल्या मनात येईल. फोनवर आपण बोलू लागलो की तिकडे विहीणबाई आवाज मोठा करून ठेवतात आणि इकडे माझी झिपारगुल खुर्ची जवळ ओढते. एवढ्या साक्षीदारांसमोर माणूस फक्त आशीर्वाद देऊ शकतो. गेल्या आठवड्यात आपण अकरा मिनिटं बोललो. त्यातली नऊ आपण एकमेकांच्या मेंढ्यांना दीर्घायुष्य चिंतण्यात घालवली. पत्राचं तसं नाही. ते आपण एकटे, खिडकीशी बसून, स्वतः वाचाल. आपली नजर गरुडाची आहे असं आपण मला या वर्षात तीनदा सांगितलंत, म्हणून कागद वाचवायला अक्षर बारीक काढलं आहे.

व्याही, आपली ओळख एक्कावन्न वर्षांची. सातव्या वर्षी एका बाकावर बसलो तेव्हा आपण माझ्याकडे नीट पाहून विचारलंत, "हे कान तुझेच, की गाढवाचे उसने आणलेत?" मी आपल्या नाकाबद्दल काही बोललो. (तेव्हा विनय अंगी नव्हता.) त्या दिवसापासून आपण एकमेकांना बरा शब्द म्हणून दिला नाही. एकाच वर्षी जन्मलेली माणसं एकमेकांना काहीही बोलू शकतात, आणि मनाला लावून घेईल तो हलक्या घरचा, ही आपल्याकडची रीत. मी ती रीत फक्त करमणुकीची समजत होतो. सामुदायिक शेती मोडली आणि माझी जनावरांच्या डॉक्टरची जागा गेली, तेव्हा मी दोन आठवडे भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. माणसं येत. योग्य ते बोलत. सगळ्यांचं बोलणं इतकं योग्य होतं की मला मेल्यासारखं वाटू लागलं. मग आपण आलात आणि बूटही न काढता दारातून म्हणालात, "ऊठ रे. तुझ्या हातून मेलेल्या घोड्यासुद्धा तुझ्यापेक्षा जास्त हालायच्या." मी उठलो, आपल्याला बूट फेकून मारला, आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. पुढे आपल्या दाढेला सूज आली. आपण दवाखान्याला भिता, असं मी भर बाजारात म्हणालो. मी खोटा आहे हे सिद्ध करण्यासाठी आपण त्याच दुपारी दाढ काढून आलात आणि ती माझ्या चहात टाकलीत. आपल्या दोघांच्या तब्येतीची व्यवस्था ही अशी होती. तिच्यात कधी खंड पडला नाही.

मग माझी बेगाय आणि आपला एर्निस यांनी शहरात शिकता शिकता परस्पर ठरवून टाकलं. आपण तीन तासांचा घाट ओलांडून आमच्या दारात आलात आणि ओरडलात, "देवा, आता माझ्या नातवंडांना या गाढवाचे कान!" आपले डोळे भरून आले होते. माझेही. आपल्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं खरं वाक्य. पुढच्याच आठवड्यात बेगायच्या कानांत आपल्याकडची कर्णफुलं पडली, लग्न पक्कं झालं, आणि आमच्या वाड्यावस्तीतले सर्वांत वडीलधारे मामिरकुल आजोबा यांनी आपल्या दोघांना पुढे बोलावलं. म्हणाले, "पोरांनो, आजपासून तोंडं धुऊन टाका. जावई शंभर वर्षांचा, व्याही हजार वर्षांचा." आपण दोघांनी मान डोलावली. लंगोटीयार किती वर्षांचा, हे कोणी सांगितलं नाही. बहुधा लेकरांचं लग्न ठरेपर्यंतचा.

जूनमध्ये आपण खेळायला आलात. आपला तोगुझ कोरगोलचा पट मी बाहेर काढला. नऊ खळगे आपले, नऊ माझे. पूर्वी आपण खेळायला बसलो की शेजारी खिडक्या लावून घेत. (मुलांना शिव्या येऊ नयेत म्हणून. तरी त्यांना आल्याच.) या वेळी "आधी आपण", "छे, आधी आपण" असं होता होता पहिली गोटी उचलायला पाव तास गेला. मग आपण मूठभर गोट्या घेतल्यात आणि दर तिसरी गोटी दोन खळग्यांच्या मधल्या लाकडावर ठेवलीत. ती घरंगळून चुलीखाली जाई. मी म्हणालो, "वा, खोल चाल." आपण म्हणालात, "आपल्या पायाशी बसून शिकलो." मी हरलो. शिष्टाचारानं मला आजवर कोणी इतकं हरवलं नव्हतं. मी हात धुवायला गेलो, आणि परत येताना दारातून पाहिलं तर आपण खुंटीवरच्या माझ्या कोटाशी बोलत होता. कोटाच्या गुराढोरांची, पाठीची, थोरल्या भावाची चौकशी करून झाली होती. झिपारगुल शेवटी आपली विहीण. आपल्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तिनं चहाचा कटोरा कोटापुढे ठेवला आणि रुमालाआड हसत निघून गेली. मी दारातच उभा राहिलो. बोलण्यात कुठे खोट काढता येईना. मी समोर असतो तरी आपण हेच बोलला असता, आणि कोटानं जे उत्तर दिलं तेच मीही दिलं असतं. तेव्हा मला कळलं की वर्षभर आपल्या घरी माझा कोट व्याही म्हणून येतोय आणि माझ्या घरी आपला.

आणि आता मागच्या रविवारची मेजवानी. मेंढ्याचं डोकं रीतीप्रमाणे आपल्यापुढे ठेवलं. आपण सुरी घेतलीत, दोनदा ताटलीच्या कडेला चालवलीत, मग एक तुकडा कापून दोन्ही हातांनी माझ्याकडे केलात आणि सव्वीस माणसांसमोर म्हणालात, "व्याही, हा डोळा आपल्याला. आपली दृष्टिभेट वरचेवर होवो." तो कान होता. ओमुरकुल, त्याला केस होते. सव्वीस माणसांनी पाहिलं आणि सव्वीस माणसांनी तोंडावरून हात फिरवून "ओमिन" म्हटलं. मामिरकुल आजोबांनी तर "काय डोळा आहे!" असंही म्हटलं. मी तो घेतला आणि चावू लागलो. डोळा पटकन संपतो. कानाला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ सगळे माझ्या तोंडाकडे आदरानं पाहत होते. कान आपल्याकडे लहान मुलांना देतात, ऐकायची अक्कल यावी म्हणून. मला तो अठ्ठावन्नाव्या वर्षी आला.

अक्कल खरंच आली, पण जरा उशिरा. जेवणं झाल्यावर आपण जीपकडे गेलात, मागचं दार उघडून तिथे थोडा वेळ स्टिअरिंग शोधलंत, मग पुढे बसलात, विहीणबाईंना शेजारी घेतलंत आणि घाटाकडे निघालात. मी पस्तीस वर्षं घोड्यांचे डोळे पाहिलेत. तो पांढरा पडदा मला कुंपणापलीकडून ओळखू येतो. त्या दिवशी मला तो हातभर अंतरावरून दिसला, आणि पूर्वीचा मी असतो तर बॉनेटवर बसून, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा शब्दांत आपल्याला खाली उतरवलं असतं. मी म्हणालो, "वाट गुळगुळीत होवो." आपण म्हणालात, "आपल्या पायगुणानं." आपण घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत मी अंगणात उभा होतो. माझ्याबरोबर सव्वीस सभ्य माणसं उभी होती, आणि आपली गाडी कशी सरळ चालली आहे याची एकमेकांकडे तारीफ करत होती.

सोमवारी मी फोनवर सुचवून पाहिलं, की या वयात सगळ्यांनीच एकदा डोळे दाखवून घ्यावेत. आपण म्हणालात, "अगदी खरं, व्याही. आपण जरूर दाखवून घ्या." तिकडून विहीणबाईंनी दुजोरा दिला. आता व्याह्याचा शब्द मोडता येत नाही, म्हणून मी नारिनला जाऊन डोळे दाखवून आलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळे तपासले आणि विचारलं, "तुमचं उत्तम आहे. आलात कशाला?" मी म्हणालो, "शिष्टाचार म्हणून." मग मी त्यांना गोट्यांचं, कोटाचं आणि कानाचं सांगितलं. कानापाशी त्या हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "मोतीबिंदूच दिसतोय, पाहिल्याशिवाय सांगत नाही. काढायला अर्धा तास लागतो. घाटात पडायला तेवढाही लागत नाही." व्याही, एका परक्या बाईनं जे दोन मिनिटांत तोंडावर सांगितलं ते मला व्याही झाल्यापासूनच्या चौदा महिन्यांत जमलं नाही. तिचं आपल्याशी काही नातं नाही ना.

बाकी क्षेम. आपल्या चुलीतला धूर सरळ वर जावो, आणि आपली नजर जशी आहे असं आपण म्हणता तशी राहो.

आपला नम्र व्याही,
सागिनाली

ता. क. हे पत्र इथपर्यंत आपण स्वतः वाचलं असेल तर मी मूर्ख ठरलो. दोन्ही डोळ्यांसकट मेंढ्याचं डोकं घेऊन माफी मागायला येईन, आणि पुन्हा हा विषय काढणार नाही.

ता. क. दुसरा. बेगाय, बाळा, घसा सुकला असेल, चहाचा घोट घे. वाचणारी तू आहेस हे मला पत्र लिहायच्या आधीपासून माहीत आहे. सासऱ्यांचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, म्हणून तू वर "घरातले मोठे" असं वाचलंस, आणि आमच्या जुन्या बोलण्याच्या जागी खोकलीस. चांगली शिकलीस. आता हेही मोठ्यानं वाच: जीपची चावी विहीणबाईंनी पिठाच्या डब्यात टाकावी, आत्ता, सगळ्यांसमोर. मंगळवारी सकाळी नऊची नारिनची वेळ तुझ्या सासऱ्यांच्या नावावर लागली आहे. गाडी एर्निस चालवेल. मी कोच्कोरच्या चौकात उभा असेन.

ता. क. तिसरा. सोबत एक चिकटवलेलं पाकीट आहे. ते माझ्या त्या लंगोटीयाराच्या हातात दे. आत आठ पानं आहेत, दोन्ही बाजूंनी, याहून बारीक अक्षरात. कर्णफुलांच्या दिवसापासून मी जे जे गिळलं ते सगळं त्यात आहे: गोट्यांबद्दल चार पानं, गाडी चालवण्याबद्दल तीन, उरलेलं नाकाबद्दल. बेगाय, तुला ते वाचता येणार नाही, तू सून. एर्निसला नाही, तो मुलगा. विहीणबाई दुसऱ्या ओळीला पाकीट चुलीत टाकतील. ही आठ पानं वाचण्याचा हक्क या दोन गावांत एकाच माणसाला आहे, आणि त्याला दिसत नाही. त्यानं ती उशाशी ठेवावीत. नारिनहून परतल्यावर वाचावीत आणि उत्तर द्यावं. चौदा महिने झाले, मला कोणी काही बोललेलं नाही.

या पानाच्या मागच्या बाजूला मी चुलीतल्या कोळशानं, वीतभर अक्षरात, दोन शब्द लिहिलेत. बेगाय, ते तू वाचू नकोस. पान उलटून त्याच्यासमोर धर. एवढे त्याला दिसतील.

ये, आंधळ्या.