‘नो लाइफगार्ड’च्या कव्हरवरचा मजकूर

२ मे २०२२, सोमवार. सकाळी ७.
द स्प्रिंकलर्सचा ‘नो लाइफगार्ड’ हा अल्बम चाळीस वर्षांनी पुन्हा निघतोय! चार मुलींचा बँड, आमच्याच व्हॅलीतला. नव्या कव्हरच्या मागे एका चाहत्याचा मजकूर छापणार. २१ तारखेला अरासेलीच्या रेकॉर्डच्या दुकानात चाहत्यांनी आपापलं लिखाण वाचायचं, बँडची ड्रमर ट्रूडी व्हान्स स्वतः निवड करणार. म्हणजे निवड झालीच. या अल्बमवर माझ्याइतका विचार ट्रूडीनेही केला नसेल.
लोर्नाला सांगितलं. म्हणाली, अभिनंदन, पण लिहिलंस कुठे अजून? अडतीस वर्षांचा संसार, तरी तपशिलात अडकायची हिची सवय जात नाही.
संकल्प: दोन पानं. एक ओळ जास्त नाही.

५ मे.
गॅरेजमध्ये रेकॉर्ड लावली. रोज सकाळी पूर्ण ऐकायची. कव्हरवर वेळ २८ मिनिटं छापलीय, प्रत्यक्षात ३८ होतात. छपाईची चूक. मी १९८२ सालीच पेनने दुरुस्त केली होती. कंपनीलाही कळवलं होतं. उत्तर नाही.
काय तो गायिकेचा आवाज! विहिरीच्या तळातून यावा तसा. ‘बाय बाय, रँडी’ म्हणजे तर प्रेतयात्राच. रँडी कशाने गेला हे गाण्यात नाही. मी युद्धात गेला असं धरतो. लग्नात पहिला नाच आम्ही याच गाण्यावर केला. लोर्ना माझ्या खांद्यात तोंड खुपसून थरथरत होती. भावनेने.
शेजारचा गस कुंपणावरून ओरडला, रसेल, गॅरेजमध्ये गाय अडकलीय का रे? दुर्लक्ष केलं. न्यू वेव्ह संगीत सगळ्यांसाठी नसतं.

९ मे.
दोन पानं झाली. विषय अजून सुरू व्हायचाय. सध्या ग्रीक शोकनाट्यातल्या कोरसपाशी आहे.

१२ मे.
अरासेलीचा फोन. माझी विद्यार्थिनी, इतिहासात बरी होती. म्हणाली, सर, प्रत्येकाला पाच मिनिटं. आणि प्लीज, घंटा होईपर्यंत बोलू नका, दुकानात घंटा नसते. स्वतःच हसली.
पाच मिनिटांत बंड सांगता येतं? ८९ सालच्या शिक्षकांच्या संपात मी पन्नास मिनिटं बोललो होतो. शेवटी सगळे उठून उभे राहिले. लोर्ना म्हणते, पार्किंगचं गेट बंद व्हायची वेळ झाली होती म्हणून.

१५ मे. दुपार.
एकोणीस पानं. मुद्दा असा: १९८२ साली अख्खा देश पैशामागे, गाड्यांमागे, एकमेकांमागे धावत सुटला होता. तेव्हा या चार मुलींनी धावायला नकार दिला. सावकाश वाजवलं. सावकाशपणा हेच त्यांचं बंड! हे वाक्य मी दोनदा अधोरेखित केलं.
त्या वर्षी एका कॉलेज रेडिओने ‘रँडी’ भरधाव वाजवलं होतं, खारी किंचाळाव्यात तसं. मी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा कोणी उचलला नाही. त्यांचा समाचार पान चौदावर.
लोर्नाला सगळं वाचून दाखवलं. सहाव्या पानावर ती म्हणाली, रसेल, एक सांगू का? म्हटलं, शेवटी. शेवटी पाहिलं तर ती सुपरमार्केटला निघून गेली होती.

२० मे.
लोर्ना पुन्हा म्हणाली, त्या रेकॉर्डबद्दल एक सांगायचंय. म्हटलं, उद्या संध्याकाळी. आज मला विचलित करू नकोस. ती म्हणाली, बरं.
उद्याचा संकल्प: नम्र राहायचं.

२१ मे, शनिवार. संध्याकाळी ६.
दुकानातून आत्ताच आलो. शांतपणे लिहितो.
चौथ्या पानावर होतो. ट्रूडी व्हान्सने हात वर केला. पांढरे कापलेले केस, नारिंगी बूट. म्हणाली, एक मिनिट, सावकाश म्हणजे कोण? आम्ही? अहो, आमच्या तालामागे धावताना आमच्याच गिटारवालीला धाप लागायची!
अरासेलीने मी सोबत नेलेली माझीच रेकॉर्ड मशीनवर ठेवली आणि वेगाचं बटण फिरवलं. ‘रँडी’ सुरू झालं. भरधाव. खारींसारखं. गायिका एकोणीस वर्षांची, खुशीत. आणि रँडी मेलेला नाही. तिने त्याला पेट्रोल पंपावर सोडून दिलंय.
मी म्हटलं, तुमचं मशीन बिघडलंय. अरासेलीने रेकॉर्डचं लेबल माझ्या नाकासमोर धरलं. सर, वाचा. मिनिटाला पंचेचाळीस फेरे. मी म्हटलं, पंचेचाळीसवर छोट्या रेकॉर्ड फिरतात, मोठ्या तेहेतीसवर, हे शाळेतलं पोरही सांगेल. ट्रूडी म्हणाली, आवाज खणखणीत यावा म्हणून आम्ही मोठी रेकॉर्डसुद्धा पंचेचाळीसवर काढली. कव्हरवर वेळ छापलीय की. आणि हे त्यावर गिरगटलंय कोणी?
लेबलवरचा आकडा मुंगीएवढा आहे. आणि १९८२ साली मी चष्मा वापरत नव्हतो.
लोक नाचायला लागले. लोर्नासुद्धा. तिला एकूण एक ठोका पाठ! ट्रूडीचा हात धरून ओरडून सांगत होती, तुम्हाला बोलिंगच्या हॉलमध्ये ऐकलंय, ८१ साली. म्हणजे मी भेटायच्या आधी.
गाडीत विचारलं, चाळीस वर्षं गप्प का बसलीस? म्हणाली, तू बोलायचा थांबलास की सांगणार होते.

२३ मे.
विचारांती: माझा मुद्दा अबाधित आहे. उलट, या अल्बमला दोन अर्थ आहेत आणि दुसरा फक्त माझ्याकडे आहे. ट्रूडीला तसं पत्र पाठवलं, सोबत एकोणीस पानं.

२५ मे.
ट्रूडीचं उत्तर. नको, धन्यवाद.

२८ मे.
कव्हरसाठी लोर्नाची निवड झाली. नाचताना जे सांगत होतात तेच लिहून द्या, असं ट्रूडीने म्हटलं होतं म्हणे. लोर्नाने अंडी उकडेपर्यंत लिहिलं. सात ओळी. बोलिंगचा हॉल, घाम, बुटाची एक तुटलेली टाच. ग्रीक काहीही नाही. मी तीन दुरुस्त्या सुचवल्या. ती म्हणाली, पाठवून झालं.
शेवट असा: ‘माझ्या नवऱ्याला ही रेकॉर्ड जिवापाड आवडते. त्याने ती अजून ऐकलेली नाही.’
नाव दिलेलं नाही. पण कव्हरवर मी आहे.